आधी फोटो, मग हळद

शाळेत मुलाचं नाव घालताना आपल्याकडे एक वाक्य हमखास बोललं जातं. "सर, ऐकलं नाही तर द्या दोन ठेवून, आमचं काही म्हणणं नाही." बाप बोलतो, आजोबा बोलतात, कधी कधी आईसुद्धा. पोर शेजारीच उभं असतं आणि सगळं ऐकत असतं. शाळेत मार बसला तर घरी सांगून उपयोग नाही, परवानगी घरातूनच गेली आहे, हे त्याला त्याच दिवशी कळतं. म्हणून पोरींनो, माझं पहिलं सांगणं हेच की ही परवानगी परत घ्या, आणि मुलादेखत घ्या. "सर, अभ्यासासाठी बोला, रागवा, आम्हाला शाळेत बोलवा. अंगाला हात लावायचा नाही." एवढं शांतपणे म्हटलं तरी पुरतं. चांगल्या शिक्षकाला याचा राग येत नाही.

आणि ती परवानगी देण्याचा हक्क आपल्याला मुळात नाहीच. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 17 ने मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला सरळ बंदी घातली आहे. आईबापांनी हो म्हटलं म्हणून ती उठत नाही. छडी, डस्टर, पट्टी, कान पिळणं, बोटांत पेन्सिल धरून दाबणं, कोंबडा करणं, अंगठे धरून उभं करणं, उन्हात उभं करणं हे सगळं त्यात आलं. "आम्ही नाही का मार खाल्ला, काय बिघडलं आमचं?" असं म्हणणारी माणसं प्रत्येक घरात असतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. कलम सांगा आणि पुढच्या कामाला लागा.

मी रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांत सिस्टर म्हणून काम केलं. शाळांत काय चालतं ते मला ड्रेसिंगच्या टेबलावर कळलं. रोह्याला मला हाताखाली घेऊन शिकवणाऱ्या एक ज्येष्ठ सिस्टर होत्या. त्या म्हणायच्या, पोराच्या तोंडाकडे नंतर बघ, आधी पाठ बघ. पुढचं बरंचसं त्यांच्याकडून आलेलं आहे, थोडं माझं.

रविवारी मुलाला तेल लावा. दहा-बारा वर्षांचं झालं तरी लावा, लाजलं तर नुसत्या पाठीला आणि पोटऱ्यांना लावा. तपासणी करतोय असं त्याला वाटायला नको, आणि नजर मात्र सगळीकडून फिरायला हवी. खेळताना पडलेल्या पोराचं लागणं कुठे असतं? गुडघ्यावर, नडगीवर, कोपरावर, कपाळावर. जिथे हाड पुढे येतं तिथे. मारलेल्या पोराचं लागणं मांसल भागावर आणि झाकलेल्या जागी सापडतं: पाठ, कुल्ले, मांडीची मागची बाजू, दंडाची आतली बाजू, गाल, मान, कानाच्या मागे. पडून कानामागे सहसा जखम होत नाही. कान वर ओढून पिळला की पाळी जिथे डोक्याला चिकटते तिथे बारीक चीर पडते, खपली धरते. केस विंचरताना ती दिसते, एरवी नाही.

छडीचा वळ ओळखायला शिका. छडी किंवा पट्टी जोरात बसली की जिथे ती टेकली ती मधली रेघ फिकी राहते आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन समांतर लाल रेघा उठतात. दुसऱ्या दिवशी त्या निळ्या-जांभळ्या होतात. रेल्वेच्या रुळांसारखी ही जोडरेघ झाडाची फांदी लागून किंवा बाकावर आपटून सहसा उमटत नाही. थोबाडीत मारलेली असेल तर गालावर बोटांच्या मधल्या फटींच्या रेघा राहतात. आणि रंग बघून "हे तीन दिवसांपूर्वीचं, हे आठवड्यापूर्वीचं" असं ठरवू नका. डॉक्टरही नुसत्या रंगावरून वळाचं वय खात्रीने सांगत नाहीत. उलटही लक्षात ठेवा. पुष्कळ बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर डाग असतात. ते दुखत नाहीत आणि दोन-चार दिवसांत बदलतही नाहीत. अंगणवाडीतल्या पोराच्या तसल्या डागावरून बाईंवर आळ घेऊन जाऊ नका.

दोन गोष्टींत घरी थांबायचंच नाही. कानशिलात बसल्यावर मूल म्हणालं की कानात शिट्टी वाजते, नीट ऐकू येत नाही, किंवा कानातून पाणी, रक्त आलं, तर पडदा फाटलेला असू शकतो. कानात तेल घालायचं नाही, थेंब घालायचे नाहीत, थेट डॉक्टरकडे. दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. खूप उठाबशा काढायला लावल्या, तासभर कोंबडा केला, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या झाल्या, लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर स्नायू आतून तुटून त्यातला अंश मूत्रपिंडात चालला आहे असं समजा. हा थकवा नव्हे, तातडीचा आजार आहे. पेणला उपजिल्हा रुग्णालय आहे, रोह्यालाही आहे. रात्र असली तरी निघा.

उठाबशांना आपण शिक्षाच मानत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. 2025 च्या नोव्हेंबरात वसईजवळच्या एका शाळेत उशिरा आली म्हणून सहावीतल्या मुलीला दप्तर पाठीवर ठेवून शंभर उठाबशा काढायला लावल्या, अशी घरच्यांची तक्रार होती. आठवड्याभरात मुंबईच्या रुग्णालयात ती मुलगी दगावली. शिक्षिकेला अटक झाली. कोर्ट जे ठरवायचं ते ठरवेल, पण आजारी मूल कोणतं आणि धट्टंकट्टं कोणतं हे वर्गात उभं राहून कुणालाही कळत नाही, एवढं तरी त्यातून घ्या.

अंगावर काही नसलं तरी वागण्यात असतं. पोट दुखतं म्हणतं, पण फक्त शाळेच्या सकाळी. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. आपण वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला की ते मान खांद्यात घालतं. उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट मागतं. जेवायला मांडी घालून बसत नाही, एका कुल्ल्यावर बसतं. यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे मार बसतोच असं नाही, पण दोन-तीन एकदम दिसली तर वेळापत्रक काढा. पोट कोणत्या वारी दुखतं ते कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण करत चला. महिनाभरात कळतं की मंगळवारी आणि शुक्रवारीच दुखतं, आणि त्या दोन दिवशी कुणाचा तास आहे ते वेळापत्रक सांगतं. आणि लहान पोरांचा शाळा-शाळा खेळ ऐका. मूल बाई होतं, समोर भावंडं किंवा उशा मांडतं. बाई झालेलं पोर तोंडाने काय बोलतं, हातात काय धरतं, ते स्वयंपाकघरातून कान देऊन ऐका. मध्ये जाऊ नका, खेळ थांबेल.

आता विचारायचं कसं? इथे बहुतेक घरं चुकतात. "सरांनी मारलं का?" असं विचारलं की मूल हो किंवा नाही म्हणून मोकळं होतं, आणि पुढे साहेब म्हणतात, आईनेच तोंडात शब्द घातले. "काय झालं रं बाळा?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड जातं, तरी बसा. मग, "पुढे?" मग, "तेव्हा अजून कोण होतं?" "तू काय केलं होतंस?" हा प्रश्न त्या दिवशी विचारायचाच नाही. गृहपाठ राहिला असेल, शेजारच्याला चिमटा काढला असेल, तो विषय वेगळा, तो आठवड्याने काढा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागणार आहे. म्हणा, "तू सांगितलंस ते बरं केलंस. आता हे मोठ्यांचं काम." आणि एकदा सांगून झालं की आत्या आली, मामा आला, सरपंच आले म्हणून प्रत्येकापुढे पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. त्याच रात्री वहीत मुलाच्या शब्दांत लिहून ठेवा. "बाईंनी लाकडी पट्टीने मागून मारलं, मी फळ्याकडे तोंड करून होतो," हे तसंच्या तसं. आपलं मराठी त्यात मिसळू नका.

आता हळदीचं. आपल्याकडे वळ दिसला की आजीचा हात आधी हळदीकडे जातो. माया आहे ती, पण हळद-तेलाच्या लेपाखाली वळ झाकला जातो आणि फोटोत काही दिसत नाही. म्हणून आधी फोटो, मग डॉक्टर, मग हळद. दिवसाच्या उजेडात, दारात उभं करून काढा. एक लांबून, शरीराचा कोणता भाग आहे ते कळेल असा, आणि एक जवळून, शेजारी पट्टी किंवा रुपयाचं नाणं धरून. मार खोल असेल तर रंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो, म्हणून तिन्ही दिवस काढा. गणवेश फाटला असेल, रक्त लागलं असेल तर धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा.

सरकारी दवाखान्यात जा. खाजगी डॉक्टर ओळखीचे असतात, औषध चांगलं देतात, पण कागद नको म्हणतात. सरकारी दवाखान्यात मारहाणीची दुखापत सांगितली की एमएलसी होते, म्हणजे पोलिसांकडे जाणारी नोंद. तिथे "पडला" म्हणू नका. भिडेपोटी बोललेला तो एक शब्द केसपेपरवर चढला की पुढे तुमच्याच विरुद्ध वाचला जातो. "शाळेत शिक्षकांनी मारल्याचे मूल सांगते" हे वाक्य केसपेपरवर लिहून द्या अशी विनंती करा, आणि पेपरची झेरॉक्स घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका.

मग अर्ज. अर्ज छोटा असावा. मुख्याध्यापकांच्या नावे: माझा मुलगा अमुक इयत्तेत आहे, अमुक तारखेला, अमुक वारी, अमुक तासाला अमुक शिक्षकांनी अमुक वस्तूने अमुक जागी मारले. दवाखान्याचा कागद जोडला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार कारवाई करून लेखी कळवावे. बस्स. शिक्षकाचं चारित्र्य, जात, जुनी भांडणं, निवडणूक यातलं काही नको. एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला. या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं, सभासद पालकांनाही नसतं. एक प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, हायस्कूल असेल तर अलिबागला जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. "ठेवून जा, साहेब आले की बघतील" याला भुलू नका. पोच नसलेला अर्ज हा अर्जच नव्हे. त्याच कायद्याच्या कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने अशा तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. दुखापत मोठी असेल तर यातल्या कशासाठीही न थांबता पोलीस ठाणं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदवायला नकार दिला तर तोच मजकूर अलिबागला पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येतो.

यानंतर संध्याकाळी माणसं घरी येतात. शिक्षक कुणाचे तरी साडू असतात, संस्थाचालक गावकीतले असतात. "पोराचं वर्ष वाया जाईल, दाखला अडवतील, मिटवून टाका." दाखल्याचं भय खोटं आहे. आठवीपर्यंत शाळा बदलताना दाखला ताबडतोब द्यावाच लागतो, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मिटवण्याबद्दल माझं मत ठाम आहे. जिथे एकदा मिटवलं तिथे पुढच्या वर्षी दुसरं पोर मार खातं, आणि त्याचे आईबाप बहुधा तुमच्याहून गरीब असतात. चहा द्या, ऐकून घ्या, आणि म्हणा, "अर्ज दिलाय, उत्तर येऊ द्या." अर्ज मागे घ्यायच्या कागदावर सही करू नका.

कागद का हवा याचं आणखी एक कारण आहे. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एका प्राथमिक शिक्षिकेची शिक्षा रद्द केली, आणि शिस्त लावण्यासाठी वापरलेल्या माफक बळाला गुन्हा मानता येणार नाही असं म्हटलं. मला ते पटलेलं नाही. पण कोर्टात काय विचारलं जातं ते त्यातून शिकावं. कशाने मारलं, किती, कुठे, खूण कोणती? "खूप मारलं" याला तिथे वजन नाही. वहीतली ओळ, फोटो आणि केसपेपर एकमेकांशी जुळले पाहिजेत.

बाप लोकांनो, दोन गोष्टी करू नका. पहिली, शाळेत जाऊन शिक्षकाच्या अंगावर हात टाकू नका. दुपारपर्यंत गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि पोराच्या वळाचं नाव कुणी घेत नाही. शिवाय मुलाला एवढंच कळतं की ज्याचा हात वर, त्याचंच खरं. दुसरी, पोराचा शर्ट वर करून व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकू नका. पीडित मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. आणि तो व्हिडिओ ते पोर दहावीत जाईल तेव्हाही कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असेल.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो दोन प्रकारच्या मुलांसाठी. एक, ज्यांना बोलून सांगता येत नाही: गतिमंद, स्वमग्न, मूकबधिर. त्यांचे वळ "स्वतःच आपटून घेतो" या वाक्याखाली वर्षानुवर्षं झाकता येतात. 2011 साली आपल्याच जिल्ह्यात, पनवेलच्या एका संस्थेत अशा मुलींवर झालेले अत्याचार उघडकीला आले आणि 2013 मध्ये सत्र न्यायालयाने त्या प्रकरणात शिक्षा दिल्या. अशा मुलाच्या आईने घरी एक चित्र ठेवावं, माणसाच्या आकृतीचं, पुढची आणि मागची बाजू. शाळेत जाताना अंगावर काय आहे आणि आल्यावर काय आहे ते त्यावर रोज पेन्सिलीने मांडावं. मूल आपटून घेत असेल तर खुणा हाताला पोहोचणाऱ्या जागी आणि साधारण त्याच त्याच जागी होतात. पाठीच्या मधोमध स्वतःला कुणी मारून घेत नाही.

दुसरी, आश्रमशाळेतली मुलं. दिवाळीनंतर वाडीवरची कातकरी माणसं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. तेवढे महिने पोराची पाठ बघायला कुणीच नसतं. 2014 साली कर्जत तालुक्यातल्या टाकव्याच्या एका संस्थेच्या वसतिगृहातल्या मुलांचा छळ बाहेर आला तो मुलांनी तोंड उघडल्यावर. वाडीवर मागे राहणाऱ्या आजीने, आशाताईने, अंगणवाडीताईने महिन्यातून एक रविवार शाळेवर जावं, मुलाला आवाराबाहेर घेऊन बसावं, डोक्याला तेल घालावं. शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळांची तक्रार पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाते. अर्ज लिहिता येत नसेल तर ग्रामपंचायतीत जा, ग्राम बाल संरक्षण समिती सरपंचांच्या अध्यक्षतेखाली असते आणि हे तिचंच काम आहे. वसतिगृहात मारणारा कधी वरच्या वर्गातला मुलगाही असतो. तरी जबाबदारी अधीक्षकांचीच.

मार वेगळ्या प्रकारचा असेल, कपड्यांच्या आत हात गेला असेल, तर वरचं काहीच लागू नाही. अर्ज नाही, सभा नाही, मुख्याध्यापक नाहीत. आंघोळ न घालता, कपडे न बदलता थेट पोलीस. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, ही गोष्ट कळूनही न कळवणाराही गुन्हेगार ठरतो, शाळाप्रमुखसुद्धा. मुलाचा जबाब घरी घेता येतो, होता होईल तो महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. बदलापूरला 2024 च्या ऑगस्टमध्ये लोक रेल्वे रुळांवर उतरले ते शाळेतली अशीच तक्रार नोंदवायला झालेल्या दिरंगाईने भडकूनच.

मुलाला परत शाळेत पाठवायचं असतं. शाळा लगेच बदलू नका, मुलाला वाटतं शिक्षा आपल्यालाच झाली. पहिले काही दिवस घरातलं कुणीतरी पोचवायला आणि आणायला जावं. वर्ग किंवा शिक्षक बदलून द्या अशी लेखी मागणी करावी. अर्ज दिल्यावर मार थांबतो आणि टोमणे सुरू होतात, "याला हात लावू नका रे, याची आई कलेक्टर आहे." तो मानसिक त्रास झाला, तोही कलम 17 मध्येच बसतो. तारीख घालून वहीत लिहा.

शिक्षकांनाही एक सांगते. शेजारच्या वर्गात रोज काय चालतं ते तुम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येतं. तुम्ही बोललात तर ते पालकांच्या दहा अर्जांहून भारी ठरतं. स्वीडनने 1979 साली मुलांना मारण्यावर घरातसुद्धा बंदी घातली आणि ती माहिती दुधाच्या खोक्यांवर छापून घरोघर पोचवली. आपल्याकडे शाळेच्या दर्शनी भिंतीवर कलम 17 ची एक ओळ रंगवायला एक डबा रंग पुरेल.

आणि शेजारच्या पोराच्या पाठीवर वळ दिसला, त्याचे आईबाप भट्टीवर असतील, किंवा बोलायला भीत असतील, तर "आपल्याला काय करायचंय" म्हणू नका. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, स्वतःचं नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. मुलाचं नाव, गाव आणि शाळा एवढं सांगितलं तरी फोन घेणारा पुढचं बघतो. तो फोन तुम्हीच करा.